विश्वास आणि आज्ञापालन : एका ऑनलाइन शिष्यत्व अभ्यासक्रमाचे परीक्षण

ख्रिस्ती विश्वासामुळे माणसात होणाऱ्या आंतरिक बदलाविषयी शिकवणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा कल कोणत्या तरी एका टोकाकडे असतो. काही जण विश्वास ठेवला की पुढचे सारे आपोआप घडते असे सुचवतात, तर काही जण प्रार्थना, उपवास, दान आणि सेवा यांची यादी हाती देऊन मोकळे होतात. येथे ज्याचे परीक्षण केले आहे तो बारा पाठांचा अभ्यासक्रम या दोन्ही टोकांपासून दूर राहू पाहतो. ध्वनिमुद्रित पाठ, छापून घेता येणारी कार्यपुस्तिका, रोजच्या सरावासाठी मोबाइल अॅप आणि प्रत्येक सहभागी व्यक्तीसाठी नेमलेला एक मार्गदर्शक असे त्याचे स्वरूप आहे. तो पूर्ण केल्यावर माझे मत असे झाले आहे की पाठ उत्तम आहेत, अॅप त्याच पाठांच्या विरोधात काम करते, आणि मार्गदर्शनाच्या व्यवस्थेबाबत डोळे उघडे ठेवावे लागतात.

सुरुवात प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, म्हणजे रोमकरांस पत्रापासून होते आणि ती निवड विचारपूर्वक केलेली आहे. कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरवले जाण्याचा, म्हणजे देवाने माणसाला निर्दोष मानण्याचा सिद्धांत ज्या पत्रात सर्वांत विस्ताराने मांडला आहे, त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आणि शेवटच्या अध्यायातही विश्वासातून येणाऱ्या आज्ञापालनाचा उल्लेख आहे, ही गोष्ट एरवी वाचताना निसटून जाते. अभ्यासक्रम ती पहिल्याच पाठात समोर ठेवतो. बाराव्या अध्यायातील मनाच्या नवीकरणाने होणाऱ्या रूपांतराची शिकवणही या दोन उल्लेखांच्या संदर्भात वाचायला लावतो, त्यामुळे हे रूपांतर केवळ भावनेच्या भरतीचा विषय राहत नाही.

संपूर्ण अभ्यासक्रमात मला सर्वांत मोलाचा वाटला तो चौथा पाठ, म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील मासेमारीचा प्रसंग. रात्रभर कष्ट करून काहीही हाती न लागलेले कोळी किनाऱ्यावर जाळी धूत आहेत. येशू त्यांच्यातील पेत्राला खोल पाण्यात मचवा नेऊन जाळी टाकायला सांगतो. पेत्र आपला अनुभव सांगतो, आणि तरीही केवळ येशूच्या शब्दावरून जाळी टाकायला तयार होतो. पाठ येथे थांबतो आणि एक साधा प्रश्न विचारतो : या क्षणी पेत्राचा विश्वास किती होता? जाळी फाटू लागेपर्यंत आणि मचवे बुडायला येईपर्यंत तो येशूच्या पायाशी पडलेला नाही. स्वतःच्या पापीपणाची कबुली त्यानंतर येते, आणि सर्व सोडून मागे जाण्याचा निर्णय त्याच्याही नंतर. म्हणजे अर्धवट विश्वासाने पाळलेल्या एका आज्ञेने पुढच्या विश्वासाला जागा करून दिली. आधी शंकांचे पूर्ण निरसन होऊ द्यावे आणि मग पाऊल उचलावे, असे मानणाऱ्या सुशिक्षित वाचकाला हा क्रम अडचणीत टाकतो, आणि तसे टाकणे हाच पाठाचा हेतू आहे. कार्यपुस्तिकेतील या पाठाचे पान जवळजवळ कोरे आहे. वर एकच सूचना आहे : तुम्हाला स्पष्ट कळलेली, पण पुढे ढकलत आणलेली एक गोष्ट लिहा. खाली रेघासुद्धा आखलेल्या नाहीत. बाकीची पाने प्रश्नांनी गच्च भरलेली असताना या एका पानाला दिलेली मोकळीक रचनाकाराच्या जाणतेपणाची साक्ष देते.

सातव्या पाठात प्राचीन ख्रिस्ती मंडळीचा थोर विचारवंत ऑगस्टीन आणि अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक, मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली यांना शेजारी ठेवले आहे. मिलान येथील बागेत ३८६ साली ऑगस्टीनने रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडला, तेव्हा ख्रिस्ती शिकवण त्याच्या बुद्धीला बव्हंशी पटलेली होती; सुटत नव्हती ती शरीरसुखाची सवय, आणि पाऊल अडले होते ते आज्ञेपाशी. वेस्लीचे नेमके उलटे. ऑक्सफर्डमध्ये त्याने कडक शिस्तीचे जीवन घालवले, धर्मप्रसारासाठी तो अमेरिकेतील जॉर्जियापर्यंत जाऊन आला, आणि इतके सारे करूनही त्याला स्वतःच्या तारणाची खात्री नव्हती. ती त्याला २४ मे १७३८ रोजी लंडनमधील आल्डर्सगेट मार्गावरील एका सभेत, सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेचे वाचन ऐकताना लाभली. एकाला पटलेले पाळता येत नव्हते, दुसऱ्याला पाळत असलेल्यावर विसंबता येत नव्हते. ही जोडी लावणे फार सुंदर आहे. मात्र अभ्यासक्रम वेस्लीची कथा त्या मे महिन्यातच संपवतो. पुढच्याच जानेवारीत वेस्लीने दैनंदिनीत आपण अद्याप ख्रिस्ती नाही असे लिहून ठेवले आहे, ही गोष्ट गाळल्यामुळे रूपांतर एका रात्रीत पूर्ण होते असा समज नवशिक्या श्रोत्याच्या मनात राहू शकतो, आणि पुढे पहिलीच शंका आली की तो घाबरून जातो.

पौल आणि नव्या करारातील एका पत्राचा लेखक याकोब यांच्यातील ताणाला एक पाठ दिला आहे, तो पुरेसा आहे. दोघेही अब्राहामाविषयी उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातील तेच वचन उद्धृत करतात; पौल त्यावरून माणूस कृतींनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो असे सांगतो, तर याकोब ते इसहाकाच्या अर्पणाशी जोडतो आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव असल्याचे ठासून सांगतो. लूथरने नव्या कराराच्या आपल्या जर्मन भाषांतराला जोडलेल्या १५२२ सालच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे, म्हणजे कमी मोलाचे, पत्र का म्हटले, आणि नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धांतावर लूथरन व कॅथलिक पक्षांनी १९९९ साली ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या तेव्हा काय साधले, हे मोजक्या शब्दांत येते. कोणत्याही एका पंथाची बाजू घेतलेली नाही.

आता अॅपविषयी. त्यात रोज पाच चौकोन येतात : वाचन, प्रार्थना, क्षमा, सेवा आणि साक्ष. चौकोनावर बोट ठेवले की हिरवी खूण उमटते, खुणांचे गुण होतात, आणि एक दिवस चुकला की सलग दिवसांची मोजणी शून्यावर येते. क्षमेच्या चौकोनावर खूण करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मला अखेरपर्यंत समजले नाही. ज्या दिवशी मनात कोणाविषयीही राग नव्हता त्या दिवशीही तो चौकोन रिकामा दिसे आणि गुण कापले जात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात बापाला आधी 'नाही' म्हणून नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात कामाला गेलेला मुलगा आहे. या अॅपने त्याच्या नावापुढे सकाळीच फुली मारली असती. अडचण केवळ तांत्रिक असती तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. आज्ञापालन हे विश्वासाचे फळ आहे, कमाई नव्हे, असे पाठांतून सांगायचे आणि दिवसाच्या शेवटी कमाईचा हिशेब दाखवायचा, यातली विसंगती संयोजकांच्या लक्षात कशी आली नाही याचे आश्चर्य वाटते. सुदैवाने अॅपचा वापर ऐच्छिक आहे. तो टाळावा.

मार्गदर्शनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. नवव्या पाठात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील, आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहण्याविषयीचे वचन घेतले आहे, आणि त्याचा आधार घेऊन सहभागी व्यक्तींनी मार्गदर्शकाच्या सूचना पाळाव्यात असे सुचवले आहे. त्याच पाठात प्रेषितांच्या कृत्यांतील पाचवा अध्याय यायला हवा होता. तेथे पेत्र आणि इतर प्रेषित न्यायसभेपुढे उभे राहून मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे सांगतात. ते वचन अभ्यासक्रमात कोठेही नाही. माझे पहिले मार्गदर्शक नोकरीसंबंधीच्या एका निर्णयात आपला सल्ला हीच देवाची इच्छा असल्याच्या थाटात बोलू लागले, तेव्हा ते वचन गाळण्याचा अर्थ मला उमगला. तक्रार केल्यावर संयोजकांनी विनाविलंब दुसरे मार्गदर्शक दिले, हे नमूद केले पाहिजे. नवे मार्गदर्शक प्रश्न अधिक विचारत आणि उत्तरे कमी देत. कार्यपुस्तिकेतील त्या कोऱ्या पानावर मी काय लिहिले आहे, हे त्यांनी एकदाही विचारले नाही.

किरकोळ गोष्टी : ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, निवेदन संथ आहे, मात्र वचनांचे संदर्भ इतक्या भरभर वाचले जातात की पवित्र शास्त्र उघडून ठेवल्याशिवाय ऐकण्यात अर्थ नाही. बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षे झालेल्या आणि सवयीने मंडळीत जाणाऱ्या वाचकांना हे पाठ अधिक उपयोगी पडतील. अगदी नव्याने विश्वासाकडे वळलेल्यांनी ते कोणा जाणत्या व्यक्तीबरोबर ऐकावेत. अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर अॅपमधील गुण छापलेले असतात. गुणांशिवाय प्रमाणपत्र द्यावे अशी विनंती मी केली होती. तशी सोय नाही, असे उत्तर आले.