रिपीटमॉडेलर २ : काळुंदराच्या जीनोमवर पाच दिवस (५ पैकी ४ तारे)

खाजणातल्या काळुंदर माशाच्या जीनोममधले ट्रान्सपोझॉन, म्हणजे जागा बदलणारे डीएनएचे तुकडे, शोधायला गेल्या पावसाळ्यात मी रिपीटमॉडेलर चालवला; डीएनएत पुन्हापुन्हा येणारे तुकडे (रिपीट) हुडकणारा हा प्रोग्राम. फुकट आहे आणि डीफॅम या रिपीटांच्या डेटाबेसच्या टीई टूल्स कंटेनरमध्ये, म्हणजे तयार पॅकेजमध्ये, सगळं भरूनच मिळतं. त्याला लागणारे रीकॉन, रिपीटस्काउट हे प्रोग्राम एकेक करून कंपाइल करायची कटकट ज्यांनी सोसलीय, त्यांनाच हे सुख कळेल.

कमांड मात्र नीट वाचा. माझ्या आवृत्तीत 'पीए' या पर्यायातला आकडा म्हणजे कोअर (प्रोसेसरचे भाग) नव्हेत, एका वेळी चालणारे शोध; आणि सारखे तुकडे जुळवणाऱ्या आरएमब्लास्टचा एकेक शोध ४ कोअर खातो. मी क्लस्टरवर (सगळ्यांच्या सामायिक संगणकांवर) ३२ कोअर मागितले आणि पीएसुद्धा ३२ लिहून मोकळी झाले. तासाभरात अ‍ॅडमिनचा फोन : "मॅडम, ३२ मागून १२८ चालवताय!" पीए ८ करून परत रांगेत.

पहिली फेरी रिपीटस्काउटची, ती पटकन उरकते. मग रीकॉन दर फेरीला तिप्पट नमुना उचलतो : ३, ९, २७, ८१, २४३ मेगाबेस (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं). चौथ्या फेरीला वाटतं, झालंच की! सहावी काही संपत नाही. आमच्याकडे जॉबला ७२ तासांची मर्यादा, त्यामुळे ऐन सहाव्या फेरीत जॉब मेला. त्या रात्री पेडण्यात वीजही गेलेली. मेणबत्ती लावून मोबाइलवर लॉग वाचत बसले होते. 'रिकव्हरडिर' हा पर्याय तेव्हा सापडला : अर्धवट फोल्डर दाखवलं की झालेल्या फेऱ्या सोडून पुढचं काम सुरू. एवढ्यासाठीच एक तारा जास्त.

तारा कापला तो 'अननोन'साठी, म्हणजे 'प्रकार माहीत नाही' या शिक्क्यासाठी. सारख्या तुकड्यांची कुटुंबं भरपूर सापडली, पण बऱ्याच जणांवर हाच शिक्का. माणूस, उंदीर यांच्यावर लोकांनी वर्षानुवर्षं राबून याद्या केल्यात, काळुंदराला कोण विचारतो? शिवाय गंध ओळखणाऱ्या जनुकांसारखी पुष्कळ प्रती असलेली खरीखुरी जनुकंही रिपीट म्हणून यादीत घुसू शकतात. म्हणून ही यादी (लायब्ररी) प्रोटीनांशी ताडून पाहिल्याशिवाय जीनोममधले रिपीट झाकणाऱ्या रिपीटमास्करला देऊ नका. मी अजून एकेक अलाइनमेंट (एकाखाली एक मांडलेल्या प्रतींची जुळवणी) उघडून बघतेय.

आई रोज विचारते, "तुझा काळुंदर अजून शिजला नाही?"