हाल्की की अपिरान्थोस?

ग्रीसच्या नाक्सोस बेटावर किनारा सोडून डोंगरात जायचं, तर ही दोन गावं.

हाल्की ऑलिव्हच्या बागांमध्ये वसलंय. १८९६ पासूनच्या वालिंद्रास भट्टीत महाळुंगाच्या पानांपासून कित्रो नावाचं मद्य गाळतात. जवळच पनागिया द्रोसियानीचं प्राचीन चर्च. हे सगळं अर्ध्या दिवसात उरकतं.

माझं मत अपिरान्थोसला. गल्ल्यांत संगमरवरी फरशी, त्यामुळे चप्पल घसरणारी नको! आसपास एमरीच्या, म्हणजे धार लावायच्या दगडाच्या खाणी. तो दगड रोपवेने थेट मुत्सुना बंदरात उतरे. १९४१ मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचा नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघांपैकी मानोलिस ग्लेझोस इथलाच.

लहान मुलं किंवा दुखरे गुडघे सोबत असतील, तर मात्र हाल्कीच बरं.