मराठी टेक्स्ट फाइल: हेडरमध्ये कॅरसेट की फाइलमध्ये बीओएम?

टीएक्सटी फाइलला एचटीएमएलसारखा एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) सांगणारा मेटा टॅग नसतो. सर्व्हरने एन्कोडिंग सांगितलं नाही तर ब्राउझर अंदाज बांधतो आणि यूटीएफ-८ मधला ३ बाइटांचा 'म' तीन अनोळखी चिन्हं होऊन उमटू शकतो. यावर उपाय दोन: सर्व्हर फाइलीसोबत पाठवतो त्या हेडरमध्ये कॅरसेट (एन्कोडिंगचं नाव) सांगणं, किंवा फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे एन्कोडिंगची खूण असलेले ३ अदृश्य बाइट, ठेवणं.

मेहनत: हेडरचं काम एकदाच. अपाची या वेब सर्व्हरमध्ये 'ॲडडिफॉल्टकॅरसेट' ही सेटिंग फक्त साध्या टेक्स्टला आणि एचटीएमएलला लागू होते. सीएसव्हीसाठी (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) 'ॲडकॅरसेट' वेगळं लिहा. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या 'कॅरसेट टाइप्स' या यादीत सीएसव्ही मुळात नसते. ती घालताना जुनी यादी पुसली जाते, म्हणून साधं टेक्स्टही पुन्हा लिहा. इथेच बहुतेक जण फसतात. मग कर्ल या कमांडने हेडर तपासा. बीओएम मात्र प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला हवा. सर्व्हरची सेटिंग हातात नसली तरी चालतो.

टिकाऊपणा: फाइल डाउनलोड केली की हेडर मागे राहतो, बीओएम सोबत जातो. दोन्हींत विसंगती असेल तर ब्राउझर बीओएमचंच ऐकतो.

त्रास: बीओएमचे ३ अदृश्य बाइट शेल स्क्रिप्टची पहिली ओळ बिघडवतात, सीएसव्हीच्या पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतात.

ब्राउझरमध्ये वाचायच्या फाइलींना आणि स्क्रिप्टना हेडरच. एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्हीला, किंवा सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर, बीओएम.