इंकस्केप : ग्राफिक डिझाइन शिकताना काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाणिज्य शाखेची पदवी झाल्यावर ग्राफिक डिझाइनकडे वळायचे ठरवले, तेव्हा प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेच्या पदवीसाठी पुन्हा चार वर्षे काढणे मला शक्य नव्हते. म्हणून पुण्यात दिवसा डीटीपीचे (संगणकावर छपाईसाठी मजकूर व पानांची मांडणी करण्याचे) काम आणि संध्याकाळी स्वतःचा अभ्यास, असा मार्ग धरला. गेल्या दिवाळीपासून त्या अभ्यासासाठी इंकस्केप हे रेषा व आकारांतून चित्र रेखाटण्याचे मुक्त सॉफ्टवेअर मी जवळजवळ रोज वापरत आहे.

ते विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. मला त्याहून मोलाची वाटली ती देवनागरीची हाताळणी. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेतांक देणारी पद्धत) मजकुरातील जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात आणि ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेच्या मुक्ता किंवा मोदक यांसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टांवर थेट काम करता येते. अनेक छापखान्यांत आजही जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांवर काम चालते आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातच युनिकोडवर करावी, असे माझे ठाम मत आहे.

एक बारकावा मात्र माहीत असायला हवा. शीर्षकाला बाह्यरेषा दिली की दोन अक्षरे जिथे एकमेकांवर येतात तिथे शिरोरेखेवर सांधे उमटतात, आणि लग्नपत्रिकेवरील मोठ्या अक्षरांत ते फार खटकतात. अशा वेळी मजकुराचे पाथमध्ये, म्हणजे बिंदू व वक्ररेषांच्या आकारांमध्ये, रूपांतर करायचे, गट सोडवायचा, सर्व आकार युनियनने एकजीव करायचे आणि मगच रेषा द्यायची. त्यानंतर मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे मुद्रितशोधन आधी उरकून मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी.

अक्षर रेखाटण्याच्या सरावासाठी पाथवरचे बिंदू हलवण्याचे नोड टूल उत्तम आहे. ‘क’चा पोटाकडचा गोल कमीत कमी बिंदूंत बसवण्याचा प्रयत्न केला की वक्ररेषेची समज आपोआप वाढते. तरीही अक्षराची जाडी कुठे वाढते आणि कुठे कमी होते, याचे उत्तर तिरक्या कापाच्या निबेकडे असते. विंडोजमधील देवनागरी मंगल फॉन्टचे रचनाकार र. कृ. जोशी हे स्वतः सुलेखनकार होते, हे या संदर्भात मला महत्त्वाचे वाटते. मी आधी कागदावर अक्षर काढतो, स्कॅन करतो आणि मग त्यावर पाथ ओढतो.

छपाईच्या बाजूला मर्यादा आहेत. इंकस्केपमधून निघणारी पीडीएफ आरजीबी (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची) असते, तर ऑफसेट छपाईला सीएमवायके (चार शाईंचे रंग) लागते. त्यासाठी एसव्हीजी फाइल स्क्रायबस या पानमांडणीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घेऊन रंग बदलावे लागतात. शिवाय छापखान्यातून ‘सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) पाठवा’ असा निरोप आला, तर इंकस्केप तशी फाइल बऱ्याच अंशी उघडते, पण त्या स्वरूपात साठवू शकत नाही. मी ‘कर्व्ह’ केलेली (मजकुराचे आकारांत रूपांतर केलेली) आणि चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला भाग) ठेवलेली पीडीएफ पाठवतो. आतापर्यंत तेवढ्यावर भागले आहे.

नोकरीचा विचार केल्यास चित्र वेगळे आहे. जाहिरातींत इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि कोरलड्रॉ यांचीच नावे असतात. पेन टूल, आकारांची बेरीज-वजाबाकी आणि लेयर यांची पद्धत सगळीकडे सारखीच असल्याने इंकस्केपवर घोटलेला हात त्या सॉफ्टवेअरवर लवकर बसतो, परंतु मुलाखतीपूर्वी त्यांपैकी एकाचा तरी सराव हवाच. मुलाखतीत माझ्या पोर्टफोलिओवर बोलणे झाले तेव्हा तयार बोधचिन्हांपेक्षा त्यामागच्या कच्च्या रेखाटनांबद्दल अधिक विचारले गेले. महाविद्यालयात हे प्रश्न शिक्षक आणि सहाध्यायी दर आठवड्याला विचारतात, आणि एकट्याने शिकणाऱ्याला ती उणीव कोणतेही सॉफ्टवेअर भरून देत नाही. त्यासाठी ओळखीच्या एका ज्येष्ठ डिझायनरना महिन्यातून एकदा माझे काम पाहण्याची मी विनंती केली. त्यांनी पहिल्याच बैठकीत माझ्या अक्षरांमधील अंतरावर तासभर घालवला.