'अ', 'द' की काहीच नाही? इंग्रजी आर्टिकलची निवड, सीमाभागातल्या मराठी माणसासाठी

इंग्रजी नामापुढे आर्टिकलचे पर्याय तीनच: 'अ' किंवा 'ॲन', 'द', आणि मोकळी जागा. व्याकरणाच्या पुस्तकात तिघांची तीन प्रकरणं असतात, प्रत्येकाखाली उपयोगांची यादी. यादी पाठ होते. पण अर्ज लिहायला बसलं की पेन नामाच्या अलीकडे अडतं, कारण तिथे 'द'चे उपयोग कुणी विचारत नाही. तिथे तिघांतला एक निवडायचा असतो. म्हणून इथे त्यांच्या जोड्या लावून बघू.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाची यात दुहेरी पंचाईत आहे. घरची मराठी आणि बाजारातली कन्नड, दोन्हींत आर्टिकल नाही. मात्र आर्टिकल ज्यासाठी लागतं ती जाणीव दोन्हींत आहे. 'पाहुणे मुलगी बघायला आले' म्हटलं की घरात चहा-पोह्यांची गडबड सुरू आहे हे कळतं. 'पाहुणे मुलीला बघायला आले' म्हटलं की मुलगी आजारी आहे का, अशी शंका येते. 'ला' लागला आणि कुठली मुलगी ते ठरून गेलं. कन्नडमध्ये 'पुस्तक ओदिदे' आणि 'पुस्तकवन्नु ओदिदे' यांतही असाच फरक जाणवतो. आपण हे काम नामाच्या मागे प्रत्यय लावून करतो, इंग्रजी ते नामाच्या पुढे करते.

'अ' की 'द'

शाळेतला नियम असा: पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', दुसऱ्यांदा आला की 'द'. गोष्ट लिहायची असेल तर तो चालतो. एरवी फार लवकर दगा देतो. 'क्लोज द डोअर' म्हणताना दाराचा आधी उल्लेख कुठे झालेला असतो?

त्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघा. तुमचं वाक्य ऐकून तो 'कुठला?' असं विचारणार असेल तर 'अ'. विचारायची गरजच नसेल तर 'द'. तुम्हाला स्वतःला ती वस्तू माहीत आहे की नाही, याला इथे किंमत नाही, आणि आपली बरीच माणसं नेमकी इथेच घसरतात. नंदगडचे एक मास्तर तुम्हाला भेटले, तुम्ही त्यांना चांगलं ओळखता. पण ज्याला सांगताय त्याला ते ठाऊक नाहीत, तर 'आय मेट अ टीचर फ्रॉम नंदगड'. 'द टीचर' म्हणालात तर समोरचा आठवत बसेल की हे कुठले मास्तर.

घटना एकच असली तरी ऐकणारा बदलला की आर्टिकल बदलतं. 1924 साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. परदेशी माणसाला सांगताना 'अ सेशन ऑफ द काँग्रेस वॉज हेल्ड इन बेळगाव' हेच बरोबर, कारण त्याला काहीच ठाऊक नाही. बेळगावातल्याच टिळकवाडीच्या माणसाशी बोलताना 'द काँग्रेस सेशन' म्हटलं तरी पुरतं, तो त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीपर्यंतची सगळी हकीकत तुम्हालाच ऐकवेल. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन होतं, ते सांगायचं झालं तर मात्र कुणाशीही बोलताना 'द ओन्ली सेशन'. 'ओन्ली', 'फर्स्ट', 'सेम', 'बेस्ट', 'टॉलेस्ट' यांसारखे शब्द नामापुढे आले की 'कुठला?' हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप मिटतो, म्हणून तिथे 'द' येतो.

'अ' की मोकळी जागा

मार्क सगळ्यांत जास्त जातात ते इथे. 'माय फादर इज फार्मर' हे वाक्य आपल्याकडच्या वह्यांत घरोघरी सापडेल. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम सहसा उघडं राहत नाही. 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी पुढे हवंच. 'गो टू स्कूल', 'बाय बस' असे ठरून गेलेले प्रयोग वेगळे, ते पुढे येतीलच. तेव्हा 'अ फार्मर'.

मराठीत 'एक' बसतो का ते बघून 'अ' लावण्याची युक्ती इथे उपयोगाची नाही. 'माझे वडील एक शेतकरी आहेत' असं मराठीत कुणी बोलत नाही, वाईट भाषांतरात तेवढं वाचायला मिळतं. आणि जिथे आपण सहज 'एक' म्हणतो तिथे इंग्रजी हात आखडता घेते. 'एक सल्ला देतो', 'एक बातमी आहे', 'एक माहिती हवी होती' ही आपली रोजची बोली. पण 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'इन्फर्मेशन' हे शब्द इंग्रजीत मोजले जात नाहीत. 'लगेज', 'फर्निचर', 'होमवर्क' यांचंही तेच. त्यांच्यापुढे 'अ' नको. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', नाहीतर 'सम'.

बेळगावची मिठाई कुंदा, तिच्यावर तिन्ही पर्याय एकदम दिसतात. 'आय ब्रॉट कुंदा': काय आणलं एवढंच सांगायचंय, जागा मोकळी. 'आय ब्रॉट अ बॉक्स ऑफ कुंदा': डबा मोजता येतो, म्हणून 'अ'. 'द कुंदा यू ब्रॉट इज फिनिश्ड': कुठला कुंदा ते दोघांनाही माहीत, आणि तो संपल्याचं दुःखही.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न त्या मानाने किरकोळ. अक्षर बघू नका, उच्चार ऐका. 'अ युनिव्हर्सिटी' पण 'ॲन अवर'. आद्याक्षरांतही हेच: 'अ पीयूसी स्टुडंट' (इकडची अकरावी-बारावी) पण 'ॲन एसएसएलसी स्टुडंट' (दहावी), कारण 'एस'चा उच्चार स्वराने सुरू होतो. जमिनीच्या उताऱ्यासाठी अर्ज करताना इकडे कर्नाटकात 'ॲन आरटीसी' लिहावं लागतं, तर महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामांना त्याच कामासाठी 'अ सेव्हन-ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट' पुरतो. 'ॲन एमएसआरटीसी बस' आणि 'अ केएसआरटीसी बस' हा फरकही तसाच, हद्दीशी त्याचा काही संबंध नाही.

'द' की मोकळी जागा

'अ' विसरल्याबद्दल बोलणी खाल्लेला विद्यार्थी पुढे प्रत्येक नामापुढे 'द' लावत सुटतो. ही चूक जास्त महाग पडते, कारण वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ मात्र बदलतो. 'फार्मर्स ग्रो टोबॅको अराउंड निपाणी' म्हणजे तिकडे शेतकरी तंबाखू पिकवतात, सर्वसाधारण गोष्ट. 'द फार्मर्स' म्हटलं की कुठलेतरी ठरावीक शेतकरी आले, आणि वाचणारा ते कोण म्हणून मागचा परिच्छेद चाळू लागतो. मराठीत दोन्हीकडे नुसतं 'शेतकरी' चालतं, म्हणून कान इशारा देत नाही. अनेकवचनी नाम किंवा न मोजता येणारी वस्तू एकूणात सांगायची असेल तर जागा मोकळी सोडा.

'गो टू स्कूल' आणि 'गो टू द स्कूल' यांत मुलगा आणि बाप एवढा फरक आहे. मुलगा शिकायला जातो, तिथे 'द' नाही. बाप पालक सभेला त्या इमारतीत जातो, तिथे 'द'. 'हॉस्पिटल'चं ब्रिटिश इंग्रजीत असंच. रुग्ण 'इन हॉस्पिटल', अमेरिकन मात्र त्यालाही 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. प्रवास 'बाय बस', जेवण 'लंच', खेळ 'कबड्डी', सगळे मोकळे. वाद्याला 'द' देण्याची रीत आहे: 'शी प्लेज द हार्मोनियम'.

विशेषनामांत तर्क शोधत बसू नका, तिथे रूढीचं राज्य आहे. गावाला काही नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी इंग्रजीत बेळगावचं बेळगावी झालं, त्यावर कुणाचं काहीही मत असो, आर्टिकल दोन्ही नावांना लागत नाही. नदीला 'द': द मलप्रभा, द कृष्णा. धबधब्याला बहुधा नाही, त्यामुळे 'गोकाक फॉल्स इज ऑन द घटप्रभा' या एका वाक्यात दोन्ही रीती दिसतात. डोंगररांगेला 'द', जसं 'द वेस्टर्न घाट्स'. 'राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी' मोकळी, पण नावात 'ऑफ' आला की 'द युनिव्हर्सिटी ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस, धारवाड'. 'बेळगावी डिस्ट्रिक्ट' आणि 'द डिस्ट्रिक्ट ऑफ बेळगावी' हेही त्याच चालीवर.

वेळ थोडा असेल आणि कुठून सुरुवात करावी असा प्रश्न असेल, तर माझं मत 'अ की मोकळी जागा' या जोडीला. आपल्या चुका तिथे जास्त होतात आणि नाम मोजता येतं का, एवढं एक विचारलं की बऱ्याचशा सुटतात. मग 'द फार्मर्स' आणि 'फार्मर्स'. नद्या-डोंगरांची यादी सगळ्यांत शेवटी. तिथे चूक झाली तरी वाक्य विचित्र दिसतं, इतकंच. अर्थ शाबूत राहतो.

मोकळी जागा आणि 'अ' यांची एक जोडी मात्र अर्जात सांभाळायला हवी. डेपो मॅनेजरला गाडी वाढवून मागताना 'फ्यू बसेस कम टू अवर व्हिलेज' लिहिलं तर ती तक्रार होते: गाड्या येतातच कुठे. 'अ फ्यू बसेस कम टू अवर व्हिलेज' लिहिलं तर चार गाड्या येतात, बरं चाललंय, असा सूर लागतो, आणि साहेब अर्ज बाजूला ठेवायला मोकळे.