करारनाम्याचे मसुदे आणि वर्डमधील ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’

लिव्ह अँड लायसन्सचे करारनामे तयार करून देणे हे आमच्या छोट्या कार्यालयाचे रोजचे काम आहे. मालक, भाडेकरू आणि मध्यस्थ अशा तिघांकडे वर्डमधला मसुदा जातो, तिघेही आपापला तपशील भरतात आणि फाइल परत आमच्याकडे येते. मागच्या वर्षी एका मसुद्यात जागा सोडण्याच्या सूचनेची मुदत ‘दोन महिने’ होती ती ‘एक महिना’ होऊन परत आली. ती कोणी बदलली हे शेवटपर्यंत कळले नाही. नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी मालकांनी मसुदा पुन्हा वाचायला घेतला, म्हणूनच ती चूक सापडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि एकदा नोंदणी झाली की कागदावर जे छापले आहे तेच दोघांवर बंधनकारक ठरते. तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट वर्डमधील ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ ही मजकूर बदलण्यावर बंधन घालणारी सोय आम्ही प्रत्येक मसुद्याला लावतो.

ही सोय ‘रिव्ह्यू’ टॅबवर उजव्या बाजूला असते. बटण दाबले की पानाच्या बाजूला एक पट्टी उघडते आणि तीत तीन टप्पे दिसतात. पहिला टप्पा फॉरमॅटिंगवर बंधन घालतो. आम्हाला त्याची फारशी गरज पडत नाही. खरे काम दुसऱ्या टप्प्यात आहे. तिथे वाचणाऱ्याला काय करू द्यायचे ते ठरवता येते: केवळ नोंद राहील असे बदल, केवळ शेरे, केवळ फॉर्म भरणे, किंवा काहीच बदल नाही. आम्ही शेवटचा पर्याय निवडतो, मग नाव, पत्ता आणि आधार क्रमांक यांच्या रिकाम्या जागा एकेक निवडून ‘एक्सेप्शन्स’खाली ‘एव्हरीवन’वर खूण करतो. तिसऱ्या टप्प्यात पासवर्ड देऊन संरक्षण सुरू होते.

यानंतर भाडेकरूच्या संगणकावर तीच फाइल उघडली की भरायच्या जागा फिकट पिवळ्या रंगात आणि चौकटी कंसात दिसतात, तर कलमांच्या मजकुरात कर्सर ठेवून कितीही टंकले तरी एक अक्षर हलत नाही. पट्टीवर ‘पुढची भरायची जागा दाखवा’ या अर्थाचे बटणही असते, त्यामुळे ज्यांना संगणकाची सवय नाही अशा ज्येष्ठ मालकांनाही कुठे लिहायचे ते फोनवर समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे अर्धवट भरलेले मसुदे येण्याचे प्रमाण यामुळे स्पष्टपणे कमी झाले, आणि माझ्या मते हा या सोयीचा सर्वांत मोठा लाभ आहे.

मात्र तिच्यावर किती विसंबायचे हे नीट समजून घ्यायला हवे. पासवर्ड मागणारी खिडकीच सांगते की दस्तऐवज एन्क्रिप्ट केलेला (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदललेला) नाही आणि वाईट हेतूची व्यक्ती हा पासवर्ड काढून टाकू शकते. त्याचे कारण फाइलच्या रचनेत आहे. २००७ पासून रूढ झालेली वर्डची डॉक्सएक्स (.docx) फाइल म्हणजे प्रत्यक्षात अनेक छोट्या फाइलींची एक झिप गठडी असते. तिच्यातील सेटिंग्जच्या फाइलमध्ये संरक्षणाची एक ओळ असते, आणि ती ओळ काढली की बंधन संपते. याहून सोपा मार्ग म्हणजे सगळा मजकूर कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवणे. म्हणून परत आलेला प्रत्येक मसुदा आम्ही ‘कंपेअर’ वापरून आमच्या मूळ प्रतीशी ताडून पाहतो. ‘दोन’चे ‘एक’ झाले असेल तर ते तिथे रंगाने उठून दिसते. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.

‘मार्क ॲज फायनल’ हा पर्याय या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण ‘एडिट एनीवे’ दाबले की तो सुटतो. ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ मात्र खरे कुलूप आहे, पण ते फाइल उघडण्यावर लागते. ज्याला पासवर्ड दिला तो उघडून हवे ते बदलू शकतो, आणि पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देत नाही. ठरलेला अंतिम मजकूर गोठवायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरी हाच भक्कम उपाय आहे, कारण स्वाक्षरीनंतर एक स्वल्पविराम जरी हलला तरी ती अवैध ठरते, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने तिला मान्यताही दिली आहे.

ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांच्यासाठी लिबरऑफिस रायटर मोफत आहे. त्यात मजकुराचा ‘सेक्शन’ करून त्याला पासवर्डसह लेखनबंदी लावता येते. आम्ही रायटरच्या स्वतःच्या ओडीटी प्रकारच्या फाइलवर ती वापरून पाहिली, काम चोख झाले. पण समोरचे सगळे वर्डच वापरत असल्याने रोजच्या कामात ती आणली नाही.

जिथे मसुदा अनेक हातांतून फिरतो, अशा गृहनिर्माण संस्था, शाळा आणि वकिलांच्या कार्यालयांना मी ही सोय निःसंकोच सुचवेन. पासवर्ड मात्र एकाच वहीत, फाइलच्या नावासमोर लिहून ठेवावा. आमच्याकडे ती वही कपाटात कुलपात असते.