साधा फोन की स्मार्टफोन: घेण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून

२००३ साली आलेल्या नोकिया ११०० चे २५ कोटींच्या आसपास नग खपले. धूळ आत न जाऊ देणारा कीपॅड, हातातून न निसटणाऱ्या कडा आणि डोक्यावर टॉर्च, एवढंच त्याच्याकडे होतं. चार वर्षांनी पहिला आयफोन आला आणि बटणांच्या फोनचे दिवस भरले, असं बहुतेकांनी धरून टाकलं. तरी हे फोन आजही बनतात आणि घेणारे सगळेच नाइलाजाने घेतात असं नाही. चांगला स्मार्टफोन जवळ असूनही काही जण मुद्दाम साधा फोन शोधतात. तुमच्याही मनात तसं घोळत असेल, तर निर्णय बॅटरीवर सोडू नका.

बॅटरीत साधा फोन जिंकतो, यात वादच नाही. २०१७ मध्ये नव्या रूपात आलेल्या नोकिया ३३१० ची बॅटरी १२०० एमएएचची होती आणि नुसता चालू ठेवला तर तो महिनाभर टिकेल असं कंपनी सांगायची. आज ५००० एमएएचचा स्मार्टफोनही बहुतेकांना रोज चार्जिंगला लावावा लागतो. मोठा उजळ पडदा आणि पाठीमागे सतत चालणारी अ‍ॅप ती वीज खातात.

बटणांचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही आणि माझ्या मते खरं बळ तिथेच आहे. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. त्यावर अंगठा टेकला की बाकीचे आकडे न बघता सापडतात. बटण दाबलं गेलं हे बोटाला कळतं. नजर अधू असलेल्याला, हात थरथरणाऱ्याला किंवा हातमोजे घालून काम करणाऱ्याला गुळगुळीत काच ही खात्री देत नाही. वयस्कर आईवडिलांच्या हाती स्मार्टफोन देऊन ‘हळूहळू जमेल’ म्हणणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. दोनाचं बटण दाबून धरलं की मुलीला फोन लागतो, ही सोय त्यांच्यासाठी दहा अ‍ॅपपेक्षा मोठी आहे.

दुसरं बळ म्हणजे साध्या फोनवरचं काम संपतं. बोलणं झालं, फोन खिशात गेला. स्मार्टफोन नुसती वेळ बघायला काढला तरी तीन सूचना समोर येतात आणि त्यातली एक आपल्याला ओढून नेते. अ‍ॅप काढून टाकलं तरी ते परत टाकायला एक मिनिट लागतं, म्हणून मोह सुटत नाही. परीक्षेला बसलेल्यांना आणि मुलाला पहिला फोन देणाऱ्या पालकांना म्हणूनच मी साधा फोन सुचवेन.

पण स्मार्टफोनची बाजूही हलकी नाही. नकाशा, बँक, कॅमेरा हे तर आहेच. कर्णबधिर माणूस व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत मनमोकळं बोलू शकतो आणि पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीमुळे अंध माणसाला आपली पत्रं स्वतः वाचता येतात. त्यांच्यापुरता निर्णय झालेलाच आहे. पैशांच्या व्यवहाराला मात्र स्मार्टफोन लागतोच असं नाही. केनियात २००७ साली सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा साध्या फोनांवरच पसरली. अर्थात, तशी सेवा तुमच्याकडे असायला हवी.

साधा फोन सुरक्षित, हे अर्धंच खरं. त्यात घातक अ‍ॅप शिरण्याची भीती कमी, पण फसवे कॉल त्यावरही येतात आणि एसएमएसला व्हॉट्सअ‍ॅपसारखं एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणाला मजकूर वाचता येऊ नये म्हणून केलेली सांकेतिक बांधणी, नसतं.

ज्यांची बँक आणि नोकरी दोन्ही फोनवर आहेत, त्यांनी स्मार्टफोन सोडू नये. तो घरी वाय-फायवर ठेवावा आणि बाहेर जाताना साधा फोन न्यावा. इथे एक मेख आहे. बँकांची काही अ‍ॅप नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये आहे का हे तपासतात. अशा वेळी साध्या फोनसाठी दुसरा नंबर घेणंच बरं.

आणि साधा फोन ठरलाच, तर आधी नेटवर्कची चौकशी करा. सिंगापूरने २०१७ मध्येच टूजी बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये थ्रीजी गेलं, तेव्हा फोरजी असलेले काही फोनही निकामी ठरले, कारण आपत्कालीन कॉल ते थ्रीजीवरूनच लावत होते. त्यामुळे खोक्यावर नुसतं ‘फोरजी’ लिहिलेलं पुरत नाही. कॉल फोरजीवरून लागतो का, म्हणजे त्यात व्होल्टी आहे का आणि ते तुमच्या कंपनीच्या सिमवर चालतं का, हे विचारा. जमलं तर आपलं सिम घालून दुकानातूनच एक कॉल लावून बघा.